खड्ड्यातला पियानो

नाटकातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी तोंडावर फेकायला नको. अडतीस वर्षं मी काउंटीच्या रस्तेखात्यात नोकरी केली. हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून कुठल्या रस्त्यावर किती मीठ टाकायचं, कुठल्या पुलावरून किती वजन जाऊ द्यायचं, हे मला विचारा. एल्म लँडिंगच्या नाटकमंडळीत माझं नाव आहे, नाही असं नाही. पण ते कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या पानावर, ज्यांनी खुर्च्या उसन्या दिल्या त्यांच्याही खाली : 'कॉफी - वेंडेल ऑस्टबी'. एका वर्षी तेही छापायचं राहून गेलं. मी काही बोललो नाही. मिनेसोटात असल्या गोष्टी बोलून दाखवत नाहीत. माणूस त्या मनात ठेवतो आणि सतरा वर्षांनी भलत्याच गोष्टीच्या ओघात, हा असा, सांगून टाकतो.

नाटकमंडळीत खरी आहे ती माझी बायको. आर्डिस एकतीस वर्षं तिथे पियानो वाजवत आली. पण तिला वाजवताना पाहिलंय असं म्हणणारा एक माणूस गावात सापडायचा नाही. आमचा टाउन हॉल १९११ सालचा. रंगमंचाच्या पुढ्यात जमिनीत एक खड्डा आहे, वादकांसाठी खणलेला. सहा जण मावतील एवढा आहे, पण सहा वादक आमच्या गावात एका वेळी कधी जमले नाहीत. त्यामुळे खाली एक पियानो, एक स्टूल, एक छोटा दिवा आणि आर्डिस. प्रेक्षकांना दिसतो तो फक्त तिचा अंबाडा. खेळ संपला की नटमंडळी रांगेत वाकून नमस्कार करतात, मग सगळे मिळून हात खाली दाखवतात, म्हणजे 'हिच्यासाठीही वाजवा', आणि लोक सभ्यपणे त्या खड्ड्यासाठी टाळ्या वाजवतात. मी हे दर वर्षी मागच्या दारातून, हातात कॉफीची किटली धरून पाहायचो आणि दर वर्षी मला वाटायचं की हे काही खरं नाही. बाई दोन तास मान मोडून वाजवते आणि गाव टाळ्या वाजवतं भोकासाठी!

गेल्या ऑक्टोबरात डॉक्टरने आर्डिसची बोटं एकेक करून वाकवून पाहिली. संधिवात होता हे आम्हाला ठाऊकच होतं. तो म्हणाला, "पुढच्या हिवाळ्यापर्यंत ही दोन बोटं मिटली की उघडायची नाहीत. पियानोचं काय करायचं असेल ते यंदाच करून घ्या." असं म्हणून त्याने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, जणू तारीख तिथे लिहिलेली होती.

गाडीत बसल्यावर आर्डिस म्हणाली, "वेंडेल, हे कुणाला सांगायचं नाही."

"नाही सांगत."

"एका माणसालासुद्धा नाही. ड्वेनला तर नाहीच नाही."

ड्वेन हा आमचा शेजारी. त्याला सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत दुसऱ्या तालुक्यात पोचते. मी शब्द दिला. पण त्याच आठवड्यात मी स्वतःलाही एक शब्द दिला : एकच खेळ उरलाय ना, मग आर्डिसने तो वर वाजवायचा. उजेडात, सगळ्या गावासमोर, चांगला निळा झगा घालून. शेवटी तिने उभं राहून वाकायचं आणि टाळ्या तिला मिळाल्या पाहिजेत. यापुढे जे जे झालं ते या एका विचारातून झालं, आणि विचार माझा होता, हे मी नाकारत नाही.

नोव्हेंबरात मंडळाची सभा भरली. त्या वर्षी एक खुनाचं नाटक करायचं घाटत होतं. त्यात चार मुडदे होते आणि गाणं एकही नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा सभेत उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "आपण मॅक्रे आणि लोवेन्थालच्या गाण्यांचा कार्यक्रम करू या."

मॅक्रे शब्द लिहायचा, लोवेन्थाल चाली लावायचा. आमच्या वयाच्या कुठल्याही माणसाच्या लग्नात, नाहीतर आईबापाच्या मयतीला, या जोडीचं एखादं गाणं झालेलंच असतं. शिवाय मी रेडिओवर ऐकलं होतं, की अशा कार्यक्रमांत पियानो खड्ड्यात नसतो, वर गाणाऱ्यांच्या शेजारी असतो. हे दुसरं कारण मी सभेत सांगितलं नाही.

मग अध्यक्षीण मार्लिस टॉर्केल्सन म्हणाली, "हे जरा वेगळं आहे."

आमच्याकडे 'वेगळं आहे' म्हणजे 'तुझं डोकं फिरलंय'. पण तोंडावर 'नाही' म्हणायची गावात पद्धत नाही, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला. मला वाटतं, आमच्या गावातले निम्मे ठराव असेच मंजूर होतात आणि निम्मी लग्नंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ड्वेन बर्फ ढकलायचं यंत्र बंद करून कुंपणापाशी आला. नाटकातलं त्याला माझ्याइतकंच कळतं, पण ते त्याला माहीत नाही.

"ऐकलं मी. चांगलं आहे. पण एक सल्ला देतो, माणसं निवडून घे. आमच्या मेहुणीला घेऊ नकोस. तिचा आवाज म्हणजे..." त्याने यंत्राकडे पाहिलं आणि पुढचं बोलला नाही.

मेहुणी आली, आणि घ्यावी लागली. निवड-चाचणीला आलेल्या कुणालाही परत पाठवायचं नाही हा मंडळाचा नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही म्हणूनच मोडता येत नाही. पंधरा जण हवे होते, त्रेचाळीस आले. ड्वेन स्वतः आला आणि म्हणाला की तो मेहुणीवर लक्ष ठेवायला आलाय.

एवढ्यात न्यूयॉर्कहून पत्र आलं. मॅक्रे आणि लोवेन्थाल दोघेही केव्हाच गेले, पण त्यांच्या गाण्यांचे हक्क सांभाळणारं एक कार्यालय मागे आहे. मी त्यांचा अर्ज चारदा भरला होता. पहिल्यांदा शाई निळी होती म्हणून परत आला, दुसऱ्यांदा 'सभागृहाचा प्रकार' या रकान्यात मी 'जुना' असं लिहिलं म्हणून. अखेर परवानगी आली ती अशी : गाणी म्हणता येतील. पण म्हणताना वेश नको, नाच नको, हावभाव नकोत, दोन गाण्यांच्या मध्ये गोष्ट नको. तसं काही केलंत तर ते नाटक होईल, आणि नाटकाचे हक्क तुम्हाला दिलेले नाहीत. थोडक्यात, त्रेचाळीस माणसांनी दोन तास न हलता उभं राहायचं. मी भीत भीत हे मंडळींना सांगितलं, तर सगळ्यांचे चेहरे उजळले. हलायला लागेल या भीतीनेच कित्येकांना झोप लागत नव्हती म्हणे.

पंचाईत झाली ती फक्त रोझॅन कपोबियांकोची. ही आमची दिग्दर्शिका. न्यू जर्सीला तीस वर्षं शाळेत नाटक शिकवून, आता लेकीजवळ राहायला म्हणून आमच्या गावात आलेली. बाई मनाची सोन्यासारखी, पण बोलणं रोखठोक, आणि बोलताना दोन्ही हात असे चालायचे की पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकून बसायची. तिने पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारला. "हे काय गाणं आहे की बसची रांग?"

तिसरी अडचण म्हणजे नॉर्बर्ट स्टाइन, आग-निरीक्षक. रंगमंचाच्या फळ्या जुन्या, वर त्रेचाळीस माणसं आणि त्यात पियानो. नॉर्बर्ट नियमाचा पक्का. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्याने केकवरच्या मेणबत्त्या मोजल्या होत्या. मी तीन आठवडे त्याच्या मागे होतो. पुलांच्या वजनाचे जुने तक्ते काढले, फळ्यांखालच्या तुळया स्वतः झोपून मोजल्या, थंडीत पाठ धरली. शेवटी त्याने सही केली आणि म्हणाला, "वेंडेल, एका पियानोसाठी एवढा आटापिटा? खाली होता तिथे काय वाईट होता?" मी म्हणालो, "कार्यक्रमाची गरज आहे." फेब्रुवारीत आठ माणसं लावून पियानो वर चढवला, आणि मी त्याच्याकडे पाहत उभा राहिलो. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगतो. मिनेसोटात कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा 'नको' म्हणतात. दुसऱ्यांदा 'कशाला उगाच त्रास' म्हणतात. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अर्धाच कप द्या', आणि मग तीन कप पितात. एकदाच विचारून थांबणं हे न विचारण्याहून वाईट. न विचारणारा निदान विसरला असेल असं म्हणता येतं.

पहिल्या तालमीला रोझॅनने टाळी वाजवली. "आर्डिस! पियानो वर आलाय. तुम्हीच वाजवणार ना?"

आर्डिस म्हणाली, "छे, छे, मी कशाला? वर कुणीतरी बघण्यासारखं माणूस बसवा."

सगळी खोली दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत थांबली. मार्लिसने कॉफी ढवळणं थांबवलं.

"बरं," रोझॅन म्हणाली. "डॉक्टर रूड, तुम्ही वाजवता ना?"

डॉक्टर रूड हे आमचे दंतवैद्य. उंच, सज्जन, घाबरट गृहस्थ. "वाजवतो म्हणजे... घरी... नाताळात... तेही एका हाताने जास्त..."

"झकास! ठरलं!"

आणि ठरलं. त्रेचाळीस माणसांनी ते पाहिलं, त्रेचाळीसही जणांना ते चुकल्याचं कळलं, आणि त्रेचाळीसांपैकी एकाने तोंड उघडलं नाही. मीही नाही. घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, "तू असं का म्हणालीस?"

"काय म्हणाले?"

"मी कशाला, म्हणून."

"मग काय म्हणायचं होतं?" ती म्हणाली आणि भांडी पुसायच्या फडक्यांची घडी घालायला लागली.

मला वाटलं, झालं, रीत पाळली बिचारीने आणि त्या जर्सीच्या बाईने घात केला. रोज सकाळी ती घरच्या जुन्या पियानोवर मॅक्रे-लोवेन्थालचं निरोपाचं गाणं घोटायची. मी स्वयंपाकघरात ऐकत बसायचो. अडखळायची, थांबायची, पुन्हा तिथूनच धरायची. जिला वाजवायचं नाही ती एवढं घोटेल का? तेव्हा मला काम एकच उरलं होतं : आणखी दोनदा कुणीतरी विचारलं पाहिजे. आणि विचारणाऱ्याला ते आपणहून सुचलं पाहिजे, सांगून विचारलेलं चालत नाही.

पहिला प्रयत्न मी रोझॅनवर केला. तालमीच्या मध्यंतरात कॉफी घेऊन गेलो. "घ्या." "नको." "अहो घ्या ना." "नको, वेंडेल." "असं काय करता, घ्याच." मला वाटलं, हिला आता रीत समजेल. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "वेंडेल, मी तुम्हाला तीनदा नको म्हटलं. मला पित्ताचा त्रास आहे. तुम्हाला नीट ऐकू येतं ना?" शेजारी ड्वेन उभा होता. दुसऱ्या दिवशी गावात चौघांनी माझ्याशी मोठ्याने बोलायला सुरुवात केली.

मग मी डॉक्टर रूडांकडे गेलो. सरळ जाऊन बोलायचं कसं, म्हणून दाढ दुखते म्हणालो. त्यांनी मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात आरसा, नळी आणि दोन बोटं घातली, आणि मी काही बोलायच्या आत तेच बोलायला लागले.

"वेंडेल, मला झोप लागत नाही हो. मी त्या बाईंना नाही म्हणू शकलो नाही. निरोपाच्या गाण्यात डाव्या हाताला जे आहे ना, ते मला या जन्मी जमायचं नाही. आर्डिसने वाजवलं तर मी तिचे दात आयुष्यभर फुकट साफ करीन. पण तिने नको म्हटलंय. तुम्हाला काय वाटतं, मी तिला विचारू?"

मी "आऽऽ" म्हणालो. ते मी 'हो' या अर्थाने म्हणालो होतो.

"दुखतंय का? इथेच ना? मग भरून टाकू."

दाढ ठणठणीत होती. पण दुखते असं मीच सांगितलं होतं, आणि आता नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. माझ्या तोंडात आज जी चांदी आहे ती केवळ सभ्यतेची आहे. मात्र डॉक्टरांनी त्या शनिवारी तालमीत विचारलं खरं. "आर्डिस, तुम्हीच बसा ना इथे. माझ्याच्याने होत नाही."

"अहो, किती छान वाजवता तुम्ही," आर्डिस म्हणाली. "मी तुमची पानं उलटायला बसते, हवं तर."

झालं, दुसरं 'नको'. मी मनात म्हटलं, आता एकच राहिलं. रविवारी दुपारी दोनला एकच खेळ व्हायचा होता, मार्चअखेरीस, चर्च सुटल्यावर. त्याआधीच्या मंगळवारी मंडळाचं जेवण होतं, ज्याने त्याने घरून एक पदार्थ करून आणायचा. मी मार्लिसला गाठलं आणि सगळे संकेत गुंडाळून ठेवून सांगितलं, "तू आर्डिसला विचार. सगळ्यांसमोर. मी सांगितलं म्हणू नकोस."

मार्लिसने माझ्याकडे पाहिलं. "विचारते. पण वेंडेल, तुला खात्री आहे?"

"तुम्ही तिला एकतीस वर्षं ओळखता, मी चव्वेचाळीस."

जेवण झालं. बटाटे घालून ओव्हनमध्ये भाजलेल्या सात हॉटडिश होत्या आणि सातही सारख्या लागत होत्या. लिंबाच्या वड्या फिरायला लागल्या तेव्हा मार्लिस उठली. "आर्डिस, आम्हा सगळ्यांच्या मनात आहे, की पियानोवर तू बसावंस. वर. आमच्याबरोबर."

तिसरी वेळ! मी वडी हातात धरून बायकोच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

आर्डिसने काटा ताटलीत अगदी हळू ठेवला. "नको, मार्लिस," ती म्हणाली. "मनापासून सांगते. नको."

तिसऱ्यांदा 'नको' म्हणणारं माणूस आमच्या गावाने पाहिलेलं नव्हतं. कुणाला काय करावं कळेना. शेवटी ड्वेनच्या मेहुणीने सगळ्यांना आणखी एकेक वडी वाढली, आणि कुणीही पहिल्यांदा नको न म्हणता ती घेतली.

घरी आल्यावर मी कोट न काढताच बोललो. आवाज चढला माझा. "मी पाच महिने खपतोय! नॉर्बर्टच्या पाया पडलो! चांगली दाढ भरून घेतली! कशासाठी? तुला एकदा लोकांनी पाहावं म्हणून. आणि तू सगळ्या गावासमोर..."

"काय पाहावं लोकांनी?" आर्डिसने विचारलं.

"तुला!"

"वर बसले तर मी दिसत नाही, वेंडेल. हात दिसतात." तिने दोन्ही हात टेबलावर दिव्याखाली ठेवले. मी ते बरेच दिवस नीट पाहिले नव्हते. तीच पाहू देत नव्हती. "खाली असताना मी एखादा सूर सोडला तर लोकांना वाटतं गाणारा चुकला. दोन बोटं चालत नसली तर मी तिसऱ्याने निभावून नेते, कुणाला कळत नाही. मला एवढंच हवं होतं. एकदा, शेवटचं, माझ्या जागेवर बसून, कुणी बघत नसताना नीट वाजवायचं. खुनाच्या नाटकातसुद्धा मध्यंतराला वाजवलं असतं मी. आणि तू पियानोच उचलून वर नेलास."

मी खाली बसलो. "मग मला सांगायचं नाहीस?"

"तुला?" ती म्हणाली. "तू इतका खूश होतास. नोव्हेंबरपासून शीळ घालत हिंडत होतास. तुला नाही कसं म्हणायचं?"

मला लाज वाटली. कार्यक्रमपत्रिकेत नाव राहिलं त्याची वाटली नव्हती, ऐकू येत नाही अशी बातमी पसरली त्याची वाटली नव्हती, तेवढी त्या टेबलाशी वाटली. तिच्या हातून पियानो जायला बोटं तपासणाऱ्या डॉक्टरच्या हिशोबाने अजून आठ महिने होते. मी तो आधीच काढून घेतला होता, आणि वर तिने खूश व्हावं म्हणून वाट पाहत बसलो होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं?

बुधवारी सकाळी आठला मी नॉर्बर्टच्या टेबलापुढे उभा होतो.

"परवानगी रद्द करून हवी आहे."

"कुणाची?"

"माझीच. पियानोची."

नॉर्बर्टने चष्मा काढला. "तीन आठवडे माझं डोकं खाल्लंस. तुळया मोजल्यास. कारण काय लिहू?"

कारण मला सांगता येत नव्हतं. मी टोपी हातात फिरवत राहिलो. नॉर्बर्टने खिडकीबाहेर पाहिलं.

"आर्डिस कशी आहे?"

"बरी आहे."

"हल्ली चर्चमध्ये कप दोन्ही हातांनी धरते."

मी काही बोललो नाही. शब्द दिला होता. त्याने फॉर्म ओढला आणि लिहायला लागला. "रंगमंचाच्या फळ्यांत कीड आढळली. पियानो तातडीने खाली हलवावा."

"नॉर्बर्ट, कीड नाहीये तिथे. मी स्वतः..."

"निरीक्षक तू आहेस की मी?" तो ओरडला आणि त्याने शिक्का मारला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याने लिहिलेलं हे पहिलं खोटं असावं. त्याचे कान लाल झाले होते.

त्या दिवशी तालमीत मी तो कागद वाचून दाखवला. रोझॅनचे दोन्ही हात छताकडे गेले. "चार दिवस आधी? आणि कीड फक्त पियानोखाली? हे त्रेचाळीस जण हवेत उभे राहणार आहेत का?"

"माणसं कीड सहन करतात," नॉर्बर्ट दारातून म्हणाला.

डॉक्टर रूड ताडकन उठले. "खाली मला बसता यायचं नाही. माझी पाठ धरते. उतरताच येत नाही मला. लहानपणापासून!" इतक्या आनंदाने पाठीचं दुखणं सांगणारा माणूस मी पाहिला नाही.

रोझॅनने सगळ्यांवरून नजर फिरवली. सगळे जमिनीकडे पाहत होते. तिचे हात हळूहळू खाली आले. मग ती आर्डिसकडे वळली आणि तिच्या मानाने फारच हळू आवाजात म्हणाली, "आर्डिस, खाली तुम्ही वाजवाल?"

"हो," आर्डिस म्हणाली.

पहिल्याच खेपेला! मार्लिसने खुर्चीचा हात धरला. मागून कुणीतरी "अगंबाई" म्हटल्याचं मी स्पष्ट ऐकलं.

पियानो वर चढवायला आठ माणसं लागली होती, उतरवायला अकरा लागली, कारण तीन जण ड्वेनचे सल्ले अडवत होते. "तिरका करा! तिरका नाही, आडवा! मी म्हणतो तसा तिरका!" माझं बोट पियानो आणि भिंतीच्या मध्ये सापडलं. नख पुढे काळं होऊन पडलं. मी तोंडातून आवाज काढला नाही. मला ते लागायलाच हवं होतं.

रविवारी दोन वाजता हॉल भरला. त्रेचाळीस माणसं काळ्या कपड्यांत उभी राहिली आणि हक्क-कार्यालयाला अभिमान वाटावा इतकी स्थिर राहिली. मेहुणीचा आवाज वाईट नव्हता, ड्वेनचा होता. रोझॅन पहिल्या रांगेत स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली होती. मी कॉफी चुलीवर ठेवून आत गेलो, आणि खेळ चालू असताना आत जायची माझी ती पहिलीच वेळ. भिंतीला टेकून अशा जागी उभा राहिलो जिथून खड्डा दिसतो. दिव्याच्या उजेडात तिचे हात दिसत होते. मी ते बघितले नाहीत. डोळे मिटून घेतले आणि ऐकलं.

निरोपाचं गाणं सर्वांत शेवटी होतं. गाणं संपलं. मंडळी वाकली आणि सगळ्यांनी हात खाली दाखवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण आमच्याकडे वाजवतात तशा बेताच्या नाहीत. नॉर्बर्ट उभा राहिला. डॉक्टर रूड उभे राहिले. मग सगळा हॉल उभा राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी जे कुणाला सांगितलं नव्हतं ते गावाला केव्हापासून माहीत होतं. आर्डिसने वर पाहिलं नाही. तिने हात पुढे करून दिवा मालवला आणि अंधारात बसून राहिली. लोक त्या अंधाराकडे पाहून टाळ्या वाजवत राहिले. मला रडू आलं. चुलीवरची कॉफी तोवर करपली होती, पण लोकांनी ती प्यायली.

घरी जाताना रस्त्याच्या कडेला बर्फाचं पाणी होऊन वाहत होतं. मग तिने विचारलं, "शेवटच्या गाण्यात किती सूर सोडले मी?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"किती, वेंडेल?"

मी गाडीचा वेग कमी केला. "चार."

"पाच," ती म्हणाली. मग तिला हसू आलं. "म्हणजे एक तुझ्यापासूनसुद्धा लपवला." ती हसत राहिली आणि हसता हसता रडायला लागली. मी गाडी कडेला घेतली. तिने उजवा हात माझ्या हातात दिला. गेलं वर्षभर तो तिने मला धरू दिला नव्हता. दोन बोटं मिटलेलीच होती. मी ती उघडायचा प्रयत्न केला नाही.

"उद्या सकाळी घरी वाजवणार आहे मी," ती म्हणाली. "जितकी चालतील तितक्या बोटांनी. तू मोजायचं नाहीस."

"नाही मोजत," मी म्हणालो.